इकडे चालतं, तिकडे चालत नाही: एकच साइट दोन ब्राउझरमध्ये वेगळी का वागते आणि अशा वेळी काय करायचं

तहसील कचेरीच्या समोरच्या ओळीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो हे आहेच, पण गर्दी असते ती फॉर्मसाठी. काउंटरच्या पलीकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं विचाराल तर, "दादा, घरी भरत होतो, पण बटणच दबेना." मग तोच फॉर्म माझ्या मशीनवर पाच मिनिटांत जातो, गिऱ्हाईक माझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसं बघतं आणि पैसे देऊन निघून जातं. मंत्र काही नसतो. त्यांच्याकडे एक ब्राउझर असतो, माझ्याकडे तीन आहेत.

पण "दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा" एवढं सांगून हात झटकले की तोच माणूस पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन परत येतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिलं काम म्हणजे दोष तुमच्या मशीनचा की साइटचा, हे ठरवणं. बहुतेक लोक इथेच चुकतात. फॉर्म अडला की थेट "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून मोकळे होतात, नाहीतर सगळी हिस्ट्री, सगळे पासवर्ड पुसून टाकतात आणि मग बँकेची साइट "नवीन डिव्हाइस" म्हणून ओटीपीवर ओटीपी मागत बसते.

तसं करू नका. आधी खाजगी खिडकी उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. या खिडकीत जुन्या कुकीज, म्हणजे साइटने ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, नसतात आणि एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तेही सहसा बंद असतात. इथे फॉर्म चालला, तर ब्राउझर चांगला आहे आणि साइटही चांगली आहे. मध्ये साठलेला कचरा नडतोय. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून फक्त त्या एका साइटच्या कुकीज काढा. बाकी कशाला हात लावू नका. एवढ्याने नाही भागलं तर एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद करून बघा. जाहिराती अडवणारं असेल तर सुरुवात त्याच्यापासून करा.

उलट निष्कर्ष मात्र काढू नका. क्रोमची खाजगी खिडकी दुसऱ्या साइटच्या कुकीज मुळातच अडवते, त्यामुळे पेमेंटचं पान दुसरीकडून आणणारी साइट तिथे कदाचित जास्तच बिघडेल. खाजगी खिडकीत चाललं तर काहीतरी कळलं. नाही चाललं तर अजून काहीच कळलेलं नाही.

आणि एक गोष्ट जी कुणाच्या लक्षातच येत नाही: भाषांतर. क्रोम इंग्रजी पान बघून "मराठीत भाषांतर करायचं का?" विचारतो, आपण हौसेने हो म्हणतो, आणि असं काही वेळा झालं की तो न विचारताही करायला लागतो. भाषांतर करताना तो पानाच्या आतली मांडणी उचकटून मजकूर बदलतो. पानाचा प्रोग्रॅम बिचारा त्याने ठेवलेला शब्द शोधत असतो आणि तो जागेवर सापडत नाही. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी रिकामीच राहते, किंवा पान मध्येच पांढरं होतं. फॉर्म भरताना भाषांतर बंद ठेवा. इंग्रजी कळत नसेल तर शेजारी मोबाइलवर भाषांतर केलेलं पान उघडून ठेवा आणि भरा मूळ पानावर.

आता घड्याळ. एक काका रोज सकाळी यायचे. त्यांच्या घरच्या डेस्कटॉपवर कुठलीही साइट उघडली की "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" अशी पाटी. दुपारी मुलगा घरी आला की सगळं चालू, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मुलगा काय करायचा, तर फक्त तारीख दुरुस्त करायचा. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ नावाचा. तो संपला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर मशीन तारीख विसरतं आणि सकाळी कुठल्यातरी जुन्या सालात जागं होतं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच्या मते अजून जुनंच साल चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं ठरतं, आणि ब्राउझर दार लावून घेतो. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या एका सेलवर हे मिटतं. काकांनी त्याआधी दोन वेळा विंडोज टाकून घेतलं होतं.

घड्याळ बरोबर असूनही अशीच पाटी येत असेल तर मशीनचं वय बघा. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३च्या जानेवारीत आली आणि तिथेच थांबली. फायरफॉक्सने ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जुन्या विंडोजसाठी पुढेही सांभाळली. त्यामुळे जुन्या मशीनवर एकच चालवायचा असेल तर मी फायरफॉक्स टाकून देतो. याला आणखी एक कारण आहे. २०२१च्या ३० सप्टेंबरला एक खूप वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर इतर साइटची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते, मुदत संपून बाद झालं. त्या दिवशी अपडेट न केलेल्या जुन्या मशीनवर हजारो चांगल्या साइट क्रोममध्ये उघडेनात, कारण तेव्हाचा क्रोम विश्वासू प्रमाणपत्रांची यादी विंडोजकडून घ्यायचा. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत घेऊन येतो, म्हणून तो त्याच मशीनवर बिनतक्रार चालला. त्या आठवड्यात मी जेवढ्या लोकांना फायरफॉक्स टाकून दिला तेवढा एरवी वर्षात दिला नसेल.

पावती प्रिंट होत नसेल तर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला बारीक चिन्ह आलंय का बघा. पावती नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर तिला जाहिरात समजून अडवतो. परवानगी द्या, संपलं.

हे सगळं करूनही एका ब्राउझरमध्ये चालतंय आणि दुसऱ्यात नाही, तर मग दोष साइटचा. इथून पुढचा भाग जरा खोलात जाऊन सांगतो, कारण खरी गंमत इथे आहे.

२०१७च्या जूनमधली गोष्ट. एका भरतीची शेवटची तारीख होती. रात्री नऊला शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात एक मुलगी वडिलांबरोबर आली. काखेत भावाचा लॅपटॉप. भाऊ इंजिनिअरिंगला, त्याने विंडोज काढून उबुंटू टाकलेलं, त्यात फक्त फायरफॉक्स. पाच पानांचा फॉर्म तिने चार पानं भरला होता आणि पाचव्यावर "पुढे जा" हे बटण मेलेलं. दाबलं की काहीच नाही. गोलसुद्धा फिरत नाही. वडील म्हणाले, "अहो, दुपारी चारपासून दाबतीये."

माझ्या मशीनवर क्रोममध्ये लॉगिन केलं, पाचवं पान उघडलं, बटण दाबलं, गेला फॉर्म. वडिलांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. पण मला राहवेना. मी म्हटलं, ताई, जरा तो लॅपटॉप इकडे द्या.

फायरफॉक्समध्ये एफ १२ दाबलं की खाली एक खण उघडतो. त्यात कन्सोल नावाचा भाग असतो. तो उघडा ठेवून बटण दाबलं, की दर वेळी तांबड्या अक्षरांत एक ओळ यायची: "इव्हेंट इज नॉट डिफाइन्ड". म्हणजे प्रोग्रॅम विचारत होता, "आत्ता जे बटण दाबलं गेलं त्याची माहिती कुठे आहे?" आणि फायरफॉक्स म्हणत होता, असं नाव मी ऐकलेलंच नाही.

याचं मूळ विसाव्या शतकात आहे. १९९५ साली तेव्हाच्या नेटस्केप या ब्राउझरने जावास्क्रिप्ट आणली, म्हणजे पानावरची बटणं वगैरे हलवणारी प्रोग्रॅमची भाषा. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी स्वतःची नक्कल केली. बटण दाबल्याची बातमी प्रोग्रॅमला द्यायची कशी, यावर दोघांचे दोन मार्ग झाले. नेटस्केप ती बातमी प्रोग्रॅमच्या ज्या तुकड्याला (फंक्शनला) हवी त्याच्या हातात द्यायचा. एक्सप्लोरर ती ओसरीवर ठेवायचा, ज्याला हवी त्याने येऊन उचलावी. वेबच्या प्रमाणात, म्हणजे सगळ्या ब्राउझरसाठी लिहून ठेवलेल्या नियमांत, पहिली पद्धत आली. फायरफॉक्स नेटस्केपच्या घरातला, त्याने प्रमाण पाळलं. नंतर आलेल्या सफारी आणि क्रोमने दोन्ही पद्धती चालवून घेतल्या, कारण एक्सप्लोररसाठी लिहिलेल्या लाखो साइट त्यांना बंद पाडायच्या नव्हत्या. आता या भरतीच्या साइटच्या प्रोग्रॅमरने काय केलं? बातमी ओसरीवरून उचलली. क्रोममध्ये मिळाली. मग त्याने दुसरीकडे बघितलंच नाही. कंसात एक शब्द लिहिला असता तर सगळीकडे चाललं असतं.

पुढचं ऐका. असल्या साइट इतक्या झाल्या की जुनी, मायक्रोसॉफ्टची पद्धत शेवटी प्रमाणाच्या पुस्तकातच लिहून घेतली गेली आणि २०१८-१९च्या सुमारास फायरफॉक्सनेही ती उचलली. शास्त्रापेक्षा रूढी बलवान म्हणतात ते इथेही खरं झालं. वेबची प्रमाणं म्हणजे कुणी डोंगरावरून खाली आणलेल्या पाट्या नव्हेत. ती भांडत, जुळवून घेत, चुका पदरात घेत पुढे जातात. फक्त ती उघड्यावर लिहिलेली असतात आणि कुणीही फुकट वाचू शकतं, हे महत्त्वाचं. आजही एफ १२ ची युक्ती तीच आहे. तांबडी ओळ कळली नाही तरी चालेल, तिचा फोटो काढून ठेवा. तो कशासाठी ते पुढे सांगतो.

क्रोममध्ये अडतं आणि फायरफॉक्समध्ये चालतं असंही होतं, आणि ते पैशांच्या बाबतीत झालं तर जीव घाबरा होतो. २०२०मध्ये अशा तक्रारींची रांग लागली होती. फी भरायला बँकेच्या पानावर जायचं, पैसे कापले जायचे, परत आलं की साइट म्हणायची, "कृपया लॉगिन करा." पावती नाही. माणूस पुन्हा भरायचा, पुन्हा कापले जायचे.

झालं असं होतं, की त्या वर्षी क्रोमने कुकीजचा नियम कडक केला. ज्या कुकीवर ती दुसऱ्या साइटकडून येताना पाठवायची की नाही हे लिहिलेलं नाही, ती साधी लिंक दाबून आलात तर पाठवायची, फॉर्म सादर होऊन आलात तर नाही. बँक तुम्हाला परत पाठवते ती एक फॉर्म सादर करून; त्या परतीच्या वाटेवर तुमच्या लॉगिनची कुकी क्रोम बरोबर न्यायचाच नाही. यात एक मेख होती. कुकी नुकतीच, दोन मिनिटांच्या आत दिलेली असेल तर क्रोम सूट द्यायचा. म्हणजे भराभर उरकलं तर चालायचं आणि ओटीपीला उशीर झाला की फसायचं. आता सांगा, हे कुणाला कसं कळणार? तक्रार केली तर तपासणारा ऑफिसात चांगल्या नेटवर एका मिनिटात पैसे भरून म्हणणार, "आमच्याकडे तर होतंय." खेड्यातल्या एका काडीच्या रेंजवर होत नाही, हे त्याला दिसतच नाही. उपाय साइटच्या बाजूला होता, कुकीवर एक शिक्का मारण्याचा. आपल्या बाजूला एवढाच, की पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून "व्यवहार पडताळा" किंवा तशा नावाचं बटण शोधा.

दुसरा ब्राउझर म्हणजे कोणता, हा प्रश्न इथेच येतो. एक पोरगा मला म्हणाला, "दादा, क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह सगळ्यात बघितलं, नाही चालत." मी म्हटलं, एकाच घरात चार दारांतून गेलास. नावं खूप आहेत, पण आतलं पान रंगवणारं इंजिन बघितलं तर घराणी तीनच उरली आहेत. ब्लिंक घराणं: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर. गेको घराणं: फायरफॉक्स, आणि त्याच्यावरच उभा असलेला टॉर. वेबकिट घराणं: सफारी. गाण्यातल्या घराण्यांसारखं यांचंही गोत्र एकमेकांत मिसळलेलं आहे. केडीई नावाच्या लिनक्सवाल्या मंडळींनी केएचटीएमएल हे इंजिन लिहिलं, ॲपलने ते घेऊन वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी आणला, गूगलने २००८ मध्ये वेबकिट घेऊनच क्रोम काढला आणि २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टनेही २०२०च्या जानेवारीत एज ब्लिंकवर आणला.

आयफोनवर तर आणखी मजा. तिथे क्रोम टाका, फायरफॉक्स टाका, आत वेबकिटच चालतं. ॲपलचा नियमच तसा. युरोपीय संघात कायद्यामुळे २०२४ पासून मोकळीक मिळाली, आपल्याकडे नाही. त्यामुळे आयफोनवर एखादी साइट सफारीत अडली तर तिथे दुसरा ब्राउझर टाकण्यात सहसा वेळ वाया जातो. कॉम्प्युटर गाठा, नाहीतर कुणाचा अँड्रॉइड घ्या.

म्हणून माझा सल्ला: कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर ठेवा, दोन वेगवेगळ्या घराण्यांचे. एक क्रोम किंवा एज, दुसरा फायरफॉक्स. रोजचा कुठला ते तुमच्या आवडीवर. मी रोज फायरफॉक्स वापरतो आणि अडलं तरच क्रोम उघडतो. लोक उलट करतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण "सगळे क्रोमच वापरतात, मग दुसरा हवा कशाला" हे ज्याने २००३ साल पाहिलंय त्याने म्हणू नये.

तेव्हा दहातले नऊ लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरायचे. सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. स्पर्धाच उरली नव्हती तर घाई कुणाला? साइटच्या तळाला "इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते" अशी पाटी असायची, दुकानाबाहेर लिंबू-मिरची टांगावी तशी.

मराठी वाचणाऱ्यांना तर याचा दुहेरी फटका बसला. त्या काळात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट स्वतःच्या फॉन्टात असायच्या. फॉन्ट कसला, इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा. आत कोड इंग्रजी अक्षराचा, वर चित्र "क" चं. "फॉन्ट डाउनलोड करा" अशी लिंक असायची, नाहीतर तो फॉन्ट आपोआप पोचावा म्हणून मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बांधलेला असायचा आणि तो उलगडायचा फक्त एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की पानभर कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची मिसळ. त्यासाठी फायरफॉक्समध्ये पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन असायचं, ते असली पानं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, बदलून दाखवायचं. मी ते कित्येक वर्षं वापरलं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या साइटवरचं काही शोधता यायचं नाही. शोधयंत्रात "पाऊस" टाकलं तर त्या बातमीत "पाऊस" हा शब्द मुळी नव्हताच. त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी होतं.

युनिकोडने ते मिटवलं. देवनागरीची जागा सगळ्या जगासाठी एकच ठरली आणि फॉन्ट पाठवण्याचीही एक उघडी पद्धत ठरली, जी कुठल्याही ब्राउझरला वाचता येते. तरीही कसर राहिलीच होती. "ॲ" हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, हिंदीला ते लागत नाही ना. "बॅट"ला आधीही अडचण नव्हती, "ॲप"ला होती. आजही जुन्या मशीनवर "ॲ"च्या जागी चौकोन दिसला तर ब्राउझर बदलू नका, फॉन्ट नवा टाका. आणि कचेरीतल्या जुन्या फाइलमधलं नाव ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट केल्यावर इंग्रजी खिचडी होत असेल, तर तिथेही ब्राउझरचा काही दोष नाही. ते नाव मुखवट्याच्या फॉन्टात टाइप केलेलं आहे. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. दोन ओळींसाठी कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

साइट बनवणारं कुणी हे वाचत असेल तर एक छोटं काम सांगतो. पानाच्या सुरुवातीला भाषा "एमआर" अशी लिहा. चांगल्या देवनागरी फॉन्टात मराठी वळणाचे "ल" आणि "श" वेगळे ठेवलेले असतात, आणि ब्राउझर ते तेव्हाच काढतो जेव्हा त्याला कळतं की हे पान मराठी आहे. एरवी हिंदी वळण येतं. पोरांना फरक कळत नाही, पण ज्यांनी पाटीवर गिरवलंय त्यांना खटकतं.

डिजिटल सहीचा डोंगल लावणाऱ्यांची दुखणी वेगळीच. ब्राउझरला यूएसबीतल्या डोंगलपर्यंत थेट पोचता येत नाही, आणि ते सुरक्षेसाठी बरंच आहे. पूर्वी मध्ये जावाचा तुकडा घालून ते काम चालायचं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ती वाट बंद केली. आता बहुतेक ठिकाणी आपल्या मशीनवर सही करणारं एक छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि ते चालू नसलं की साइट "टोकन सापडले नाही" म्हणते. ब्राउझरला शिव्या देण्याआधी स्क्रीनवरच्या घड्याळाच्या बाजूला त्या सॉफ्टवेअरचं चिन्ह आहे का बघा. ज्या जुन्या साइट अजून एक्सप्लोररशिवाय हलत नाहीत, त्यांच्यासाठी एजमध्ये एक्सप्लोरर मोड आहे, कारण खुद्द एक्सप्लोरर ११ची २०२२च्या १५ जूनला सेवानिवृत्ती झाली. हा मोड वापरणारे ठेकेदार मला दर महिन्याला फोन करतात: "अहो, गेल्या महिन्यात तुम्ही चालू करून दिलं होतं, पुन्हा बंद पडलं." बंद नाही पडलं. तुम्ही यादीत टाकलेलं पान तीस दिवसांनी आपोआप यादीतून निघतं. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर या भागात जाऊन पत्ता पुन्हा टाका आणि कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

दक्षिण कोरियाने यापेक्षा जास्त भोगलंय. नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर कमजोर सांकेतिकीकरणच (माहिती गुप्त करून पाठवायची पद्धत) मिळायचं, म्हणून त्यांनी सीड नावाचं स्वतःचं बनवलं आणि ते बँकांच्या साइटवर ॲक्टिव्हएक्स नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या जोड-प्रोग्रॅममधून बसवलं. ॲक्टिव्हएक्स फक्त एक्सप्लोररमध्ये चालायचं. इतकं वेगवान इंटरनेट असलेला देश कित्येक वर्षं बँकेच्या कामासाठी एकाच ब्राउझरला बांधलेला राहिला.

काही साइट तर आत येण्याआधीच नाव विचारून हाकलतात: "हा ब्राउझर चालत नाही." प्रत्येक ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो आणि प्रोग्रॅमर त्या ओळखीवरून निवाडा करतात. हा निवाडा किती भोळा असतो बघा. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा कित्येक साइट आवृत्तीचा पहिलाच अंक वाचायच्या आणि दहाला एक समजून "फार जुना आहे" म्हणून परत पाठवायच्या. शेवटी ऑपेराने ओळखपत्रावर कायम ९.८० लिहायला सुरुवात केली, खरी आवृत्ती मागे कुठेतरी. क्रोम आजही स्वतःला मोझिला, सफारी आणि केएचटीएमएल म्हणवतो. अशी साइट भेटली तर फायरफॉक्समध्ये ओळख बदलणारं एक्स्टेन्शन टाकून क्रोम म्हणून आत जा. बऱ्याचदा आत सगळं चालतं. काम झाल्यावर ते बंद करा, नाहीतर दुसरीकडे भलतंच काही अडेल.

आणि शेवटी तक्रार. ती करा. "साइट चालत नाही" असं लिहू नका, त्याला "चालते" एवढंच उत्तर येतं. ब्राउझरचं नाव, आवृत्तीचा आकडा, विंडोज की अँड्रॉइड, कुठल्या पानावर कुठलं बटण, किती वाजता, दुसऱ्या घराण्याच्या ब्राउझरमध्ये काय झालं, आणि त्या तांबड्या ओळीचा फोटो. एवढं पाठवलं की प्रोग्रॅमरला शोधावं लागत नाही, नुसतं बघावं लागतं.

२०१७च्या त्या रात्री मुलगी आणि तिचे वडील गेल्यावर मी असाच सविस्तर मेल त्या भरतीच्या मदत कक्षाला पाठवला होता. तांबडी ओळ, फोटो, कंसात कुठला शब्द घालायचा तोही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: "कृपया क्रोम ब्राउझर वापरावा." पुढच्या भरतीला साइट उघडली तर वरती लाल रंगात एक पट्टी उजवीकडून डावीकडे सरकत होती: "सदर संकेतस्थळ क्रोममध्येच उघडावे." सरकणाऱ्या पट्टीचा हा टॅग मुळात एक्सप्लोररने काढलेला, आणि प्रमाणाच्या पुस्तकात तो "वापरू नये" या यादीत आहे. मी फायरफॉक्समध्ये बघत होतो. बटण अजून मेलेलंच होतं, पट्टी मात्र व्यवस्थित सरकत होती.